ड्रमात शहाणं, दर्यात मुकं

"ह्या मशीन तुझ्या ड्रमात बरा चालता, दर्यात गेला की मरता," काका होडीतूनच ओरडले. महिन्याभरातली ही तिसरी खेप. ड्रम म्हणजे गॅरेजातला पाण्याचा पिंप, त्यात बुडवून मशीन चालवून बघतो. मालवणात दांडीच्या किनाऱ्याजवळ माझं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायची इंजिनं, दुरुस्तीचं गॅरेज आहे, आणि काकांचं मशीन 40 हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं जुनं टू-स्ट्रोक. थंड असताना दोनदा दोरी ओढली की सुरू. वीस-पंचवीस मिनिटं जोरात पळवलं की बंद. खोकणं नाही, कुथणं नाही, बटण दाबल्यासारखं. पेट्रोल कमी पडलं तर मशीन आधी रडतं, म्हणून संशय इग्निशनवरच, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागावरच होता.

मागच्या खेपेला मी सीडीआय (ठिणगीसाठी वीज साठवून सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलायला लावलं होतं. खरं सांगायचं तर अंदाजानेच. बाकी सगळं मीटरवर बरोबर येत होतं आणि तो डबा आतून लाखेने भरलेला, उघडून बघता येत नाही. मग खापर त्याच्यावर. होडी ओढून किनाऱ्याला आणेपर्यंत मशीन थंड झालेलं असायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

या वेळी मीटर आणि प्लगपाना घेऊन होडीतच बसलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला मशीन मेलं. पश्चिमेचं वारं सुटलेलं, खडक जवळ. काकांनी आधी नांगर टाकला. प्लग काढून ब्लॉकला टेकवला, काकांनी दोरी ओढली. ठिणगी नाही. दुसऱ्या सिलिंडरलाही नाही. एकाचीच गेली असती तर त्याची कॉइल नाहीतर प्लग पाहिला असता; दोन्ही एकदम गेल्या म्हणजे दुखणं दोघांच्या मागे. स्टॉप स्विचची वायर सोडवली, कारण खाऱ्या पाण्याने ती अर्थ झालेली, म्हणजे वीज इंजिनाच्या धातूत उतरून ठिणगी मेलेली, मी पुष्कळदा पाहिली आहे. (ती सोडवल्यावर मशीन चालू झालं तर बंद करायला चोक ओढावा लागतो. मी एकदा विसरलो होतो.) तरी ठिणगी नाही.

मग चार्ज कॉइलच्या, म्हणजे सीडीआयला वीज पुरवणाऱ्या कॉइलच्या, वायरींना मीटर लावला. सकाळी गॅरेजात 220 ओहमच्या आसपास दाखवणारी कॉइल आता काहीच दाखवेना. मीटर तसाच धरून बसलो. पंधराएक मिनिटांनी आकडा आला, गेला, परत आला आणि 220 वर ठरला.

"काय रे, गावला?"

"गावला काका."

गॅरेजात पुलर लावून फ्लायव्हील, म्हणजे कॉइलवरचं जड चाक, काढलं. हातोडा मारून काढणारे आहेत, पण त्यात आतली चुंबकं तडकतात. चार्ज कॉइलची लाख चिरलेली, चिरेत तांबं हिरवं पडलेलं. गरम झाली की आतली तुटकी तार सुटायची, थंड झाली की टोकं पुन्हा टेकायची. नवीन कॉइल मिळेना, तेव्हा भंगारातल्या तशाच मशीनची काढली, तव्यावर तापवून मोजली आणि मग बसवली. जुनं सीडीआयही परत लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तासभर पळवलं, एकदाही बंद पडलं नाही.

काकांनी नवीन सीडीआय हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "मगे ह्याचे पैशे?"

दोन हप्त्यांत परत केले. ते सीडीआय अजून माझ्या फळीवर आहे.