दीवची खुकरी: होडीत बसू नका

बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा. खुकरी म्हणजे १९७१ च्या युद्धात बुडालेली आपल्या नौदलाची युद्धनौका, फ्रिगेट. दीवच्या धक्क्याजवळ कुणी तुम्हाला "खुकरी जिथे बुडाली तिथे नेऊन आणतो" असं म्हणालं, तर हात जोडा आणि पुढे चालू लागा. आम्ही थांबलो. सहा हजार रुपये मोजले. बहात्तर वर्षांच्या बाईला फळीवरून होडीत उतरवलं आणि तिच्या मांडीवर शेंडी राखलेला नारळ, अबोलीची वेणी आणि हळदकुंकवाची पुडी. माझा राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे पुढचं थोडं तिखट वाटलं तर समजून घ्या.

आधी आम्ही कोण ते सांगतो. माझे धाकटे मामा खुकरीवर स्टोकर होते, बॉयलरखात्यात. ९ डिसेंबर १९७१ ला रात्री पावणेनऊच्या सुमारास पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने दीवच्या दक्षिणेला ती बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, त्यात मामा. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मामीने नंतर बालवाडी चालवली, दिराची मुलं वाढवली, पण दीवला कधी गेली नाही. "बघायचं काय, पाणीच ना? ते रत्नागिरीतही आहे," हे तिचं ठरलेलं उत्तर. २०२३ च्या गणपतीत मात्र स्वतःच म्हणाली, "या डिसेंबरात ने मला."

बरोबर अण्णा. मामांचे शेजवाडीतले दोस्त, तेही खुकरीवर स्टोकर. १९७१ च्या ऑगस्टमध्ये त्यांना कोर्ससाठी लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर, नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात, पाठवलं आणि ते वाचले. सत्त्याहत्तर वर्षं, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. बॉयलरपाशी काम केलेल्या माणसाचा आवाज कधी लहान होत नाही असं ते म्हणतात, आणि त्याचा उपयोग झाला.

प्रवास. वांद्रे टर्मिनसहून रात्रीची गाडी पकडून वेरावळ, तिथून मोटारीने ऊना आणि ऊन्याहून घोघल्याच्या बाजूने दीव. वेरावळ ते दीव नव्वदएक किलोमीटर आहे. स्टेशनबाहेर साडेचार हजारांपासून सुरुवात झाली, आम्ही एकतीसशेला बसलो, आणि नंतर कळलं की तेही जास्तच होते. कोडीनारच्या पुढे आम्हाला मिळालेला रस्ता म्हणजे नुसती धूळ आणि वळणं. मामी तोंडाला पदर लावून बसली, अण्णा म्हणाले मान्सूनमध्ये फ्रिगेटवर याहून कमी हलायचं. वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असाल तर वेरावळला एक रात्र काढा. त्याच दिवशी पुढे रेटू नका, आम्ही रेटलं आणि पोचल्यावर तिघांपैकी कुणी जेवलं नाही. दीवला विमानतळ आहे, नागव्याजवळ. पण छोट्या विमानाच्या वेळापत्रकावर पुण्यतिथीची तारीख बांधायची माझी छाती नाही.

आणि वार बघा. २०२३ ला ९ डिसेंबर शनिवारी आला. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही, तेव्हा शनिवारी दीवचं काय होतं हे मी सांगायला नको. शुक्रवारी जी खोली अठराशेला होती ती शनिवारी चौतीसशे. त्याच खोलीत, त्याच गळक्या नळासकट. रात्री दोनपर्यंत खाली गाणी. तारीख बदलता येत नाही हे खरं, पण गावातल्या गल्लीत खोली घ्या, किनाऱ्यावर नको.

आता होडी. हॉटेलबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या एका मध्यस्थाने मामीच्या हातातला नारळ बघितला आणि त्याला सगळं कळलं. "खुकरी? शहीद फॅमिली? माझा माणूस बरोबर जागेवर नेतो." मी ठाण्यात नकाशे बघून आलेलो माणूस. दीवपासून ती जागा चाळीसेक सागरी मैल आहे, म्हणजे चौऱ्याहत्तर किलोमीटर, हे मला पाठ होतं. तरी मी हो म्हटलं, कारण मामीचा चेहरा उजळला होता. अण्णा तेव्हा दाढी करत होते. त्यांना विचारलं असतं तर सहा हजार वाचले असते.

होडी खाडीच्या तोंडाशी पानीकोठ्याला वळसा घालून बाहेर पडली. पाण्यात बसलेला तो पोर्तुगीजांचा एवढासा किल्ला दिसतो सुरेख, पण मी तेव्हा दुसऱ्याच काळजीत होतो. आणखी दहा-बारा मिनिटं गेली आणि नाखव्याने इंजिन बंद केलं. "आ ज जगा."

अण्णांनी मागे वळून पाहिलं. दीवच्या किल्ल्याच्या भिंतीतले दगड वेगवेगळे मोजता येत होते. मग शांतपणे त्या पोराला म्हणाले, "बाबा, नांगर टाक बघू." त्याने टाकला. दोर पाच वावांत, म्हणजे तीसेक फुटांत, सैल पडला. अण्णांनी तो बोटांनी जरा वर उचलला, परत सोडला, परत सैल.

"वहिनी," ते म्हणाले, "इथे खुकरी असती तर तिची डोलकाठी आपल्या होडीच्या वर आली असती."

मामी काही बोलली नाही. वेणी परत पिशवीत ठेवली आणि नारळ पदराखाली घेतला. परत येईपर्यंत तिने तो तसाच धरला होता, जसं एखादं पोर झोपलेलं असावं.

धक्क्यावर अण्णांनी आवाज लावला तेव्हा दोन हजार परत मिळाले. चार गेले. नाखव्याला मी फार बोल लावत नाही, त्याला काय सांगितलं होतं कुणास ठाऊक. पण हिशेब तुम्हीच करा. अशी होडी ताशी आठ सागरी मैल गेली तरी एका बाजूचे पाच तास लागतात, तेही उघड्या समुद्रात. तेव्हा अर्ध्या तासात जो "जागेवर" नेतो तो तुम्हाला फसवतोय. शंका नको. फिरायला म्हणून पानीकोठ्याला चक्कर मारा, त्याचे तेव्हा काही शेच होत होते. नारळ घेऊन बसू नका.

फसवणूक इथे संपत नाही. दुपारी रिक्षावाल्याने एक राखाडी जहाज दाखवलं. "आ ज छे खुकरी, एकोणीसशे एकोत्तरवाळी." मामी उतरली. तिच्या पाकिटात मामांचा एक फोटो असतो, मागे जहाजाची बाजू, त्यावर १४९ आकडा. तिने फोटो डोळ्यांजवळ धरला, समोर बघितलं आणि म्हणाली, "हा आकडा ४९ आहे. ही ती नव्हे." बरोबर. ही दुसरी खुकरी. माझगाव गोदीत बांधलेली कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, १९८९ ला नौदलात आली, डिसेंबर २०२१ मध्ये विशाखापट्टणमला निवृत्त झाली आणि मग दीवला आणून दिली. नाव तेच, आकडाही जवळपास तोच, पण पहिली खुकरी इंग्लंडात बांधलेली होती आणि ती तळाशी आहे. किती लोक या दुसरीपुढे डोळे पुसून जात असतील देव जाणे. अण्णांना त्यातही एक गोष्ट लागली. "बुडवणारी हंगोर कराचीत संग्रहालयात उभी आहे, लोक तिकीट काढून आत जातात. आपली बघायला मिळत नाही." एवढं म्हणून त्यांनी रिक्षा चक्रतीर्थाकडे घ्यायला लावली.

खरं बघायचं ते इथे आहे. चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, काचेच्या घरात खुकरीची प्रतिकृती. मी याआधी फोटो पाहून नाक मुरडलं होतं, काचेतलं जहाज म्हणजे दुकानातल्या शोकेससारखं वाटलं होतं. माझं चुकलं. जहाज ओळखणारा माणूस बरोबर असेल तर ती प्रतिकृती म्हणजे नकाशा आहे. नसेल तर पाच मिनिटांत बाहेर याल. त्यामुळे घरात कुणी जुना नौसैनिक हयात असेल, त्याच जहाजावरचा नसला तरी, त्याला घेऊन जा. भाडं तुम्ही भरा.

अण्णा काचेला नाक लावून उभे राहिले. लांबी ९४ मीटर, दोन बॉयलर, जहाज ढकलणारा पाण्यातला पंखा एकच. "दोन पंख्यांची जहाजं वळायला चपळ. ही अरुंद, हलकी, पाणबुड्या मारायला बांधलेली." मागच्या बाजूच्या मॉर्टरवर, पाणबुडीवर बाँब फेकणाऱ्या तोफेवर, बोट ठेवलं, "याचा मारा हजार यार्डांच्या आत. पाणबुडीने त्याच्या बाहेरून टॉर्पेडो सोडले. तिचे कान लांबचं ऐकत होते, आमचे नाही." त्या दिवशी आमच्या जहाजावर सोनारचा, म्हणजे आवाजावरून पाणबुडी हुडकणाऱ्या यंत्राचा, पल्ला वाढवायचा प्रयोग चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवला होता, हेही त्यांनी सांगितलं. बरोबर असलेल्या किरपाण या दुसऱ्या युद्धनौकेवर सोडलेला पहिला टॉर्पेडो फुटला नाही. खुकरीवरचा फुटला. काही मिनिटांत सगळं संपलं, वाचले ते ६७. दुसऱ्या दिवशी कच्छल ही आणखी एक नौका आणि किरपाण त्यांना उचलायला आल्या. खुकरीचे कॅप्टन मुल्लांनी स्वतःचं जीवरक्षक जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि जहाजाबरोबर गेले, हे तुम्ही वाचलेलं असेल. मामीने तेही वाचलं होतं. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"हे कुठे असतील त्या वेळी?"

अण्णांनी बोट काचेवरून सरकवत धुराड्याच्या खाली आणलं, मग आणखी खाली, जहाज पाण्यात बसतं त्या रेषेच्याही खाली. "आठ ते बाराची वॉच, पाळी, असेल तर इथे. बॉयलरसमोर." मग बोट मागे नेलं. "नसेल तर इथे, मेसमध्ये, खलाशांच्या राहायच्या जागेत. बहुतेक झोपायच्या तयारीत. तो लवकर झोपायचा, वहिनी."

"माहीत आहे मला," मामी म्हणाली. मग तिने त्याच जागी स्वतःचं बोट ठेवलं. आत, मग बाहेर, मग परत आत. काचेवर तिच्या बोटाचा ठसा उमटला. तो पुसायला मी रुमाल काढला आणि परत खिशात घातला.

बाकीच्या दीवबद्दल माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका. किल्ला चांगला, नायडा गुंफा चांगल्या, नागव्याची वाळू चांगली, मासे ठीक, रत्नागिरीच्या माणसाला ठीकच. शुक्रवार सगळा छान गेला आणि मला त्यातलं काही आठवत नाही.

रात्र मात्र सांगायला हवी. मामीला पावणेनऊलाच पाण्याजवळ जायचं होतं. अंधार पडल्यावर स्मारकापाशी थांबता येईल या भरवशावर राहू नका. आम्ही खाली चक्रतीर्थाच्या वाळूवर गेलो. डिसेंबरातही समुद्रावरून गार वारा येतो, कानटोपी आणि शाल हवीच, आणि चांगली बॅटरी. मोबाइलच्या उजेडात खडक दिसत नाहीत, अण्णांचा पाय दोनदा मुरगळता मुरगळता राहिला. कार्तिक वद्य द्वादशी, चंद्र पहाटेचा. लांबून कुठल्यातरी हॉटेलचं गाणं ऐकू येत होतं. आठ पन्नासला अण्णांनी घड्याळ बघितलं आणि नुसती मान हलवली.

मामी घोट्यापर्यंत पाण्यात गेली. वेणी सोडली, ती लगेच दिसेनाशी झाली. मग नारळ. लाटेने तो उचलला, थोडा आत नेला आणि परत तिच्या पायांशी आणून ठेवला. तिने परत सोडला. परत आला. तिसऱ्यांदा मी घेतला आणि जमेल तितका लांब फेकला. बॅटरीच्या उजेडात तो एकदा दिसला, मग गेला, आणि दहा मिनिटांनी डावीकडे खडकांत ठक्क असा आवाज आला.

"भरती आहे रे," मामी म्हणाली. मग स्वतःवरच चिडली. "द्वादशी. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. बारा, म्हणजे नऊ वाजता. खारव्याच्या घरची सून मी, आणि हे विसरले!" आमच्या किनाऱ्याचा हा हिशेब दीवला थोडा मागेपुढे होतो म्हणतात, पण पाणी वर होतं यात शंका नव्हती.

तेव्हा जाणाऱ्यांनी तिथी बघून जा. पावणेनऊच हवेत आणि भरती असेल, तर फुलं रात्री सोडा आणि नारळ ओहोटीला. आम्ही पहाटे तीनला परत गेलो. अण्णा आले नाहीत, त्यांचे गुडघे संपले होते. पाणी बरंच खाली गेलं होतं आणि चंद्र अजून यायचा होता. खडकांत अडकलेला कालचाच नारळ मामीने शोधून काढला, शेंडीला वाळू लागली होती ती झटकली, आणि ओल्या वाळूवरून चालत जाऊन पाण्यात ठेवला. यावेळी तो परत आला नाही. आम्ही अर्धा तास थांबून बघितलं.

वेरावळच्या परतीच्या मोटारीचे तेव्हा, २०२३ ला, सव्वीसशे झाले. तेव्हाच्या भावाने त्यापेक्षा जास्त द्यायचं कारण नव्हतं.