पुढचं काय आणि मागचं काय

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी गणेश चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची चौकट, बांधून झाली की फोटो काढायचं काम माझ्याकडे असतं, आणि दरवर्षी फोटोत तोच घोळ होतो. समोर उभं राहून बघताना नारळ कुठे, निरफणस कुठे, सुपारीचा घोस कुठे सगळं नीट कळतं, कारण आपण मान जरा इकडेतिकडे केली की वस्तू सुट्या होतात. पण फोटोत चिबूड आणि तवसं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. गेल्या वर्षी माझा अकरा वर्षांचा भाचा मोबाईल हातात घेऊन विचारत बसला, "मामा, यातलं पुढचं काय आणि मागचं काय?"

मला एकदम नाइट लोर आठवला!

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 1984 साली ब्रिटनमध्ये अल्टिमेट प्ले द गेम या कंपनीने स्पेक्ट्रम नावाच्या 48 केबी मेमरीच्या कॉम्प्युटरवर हा गेम आणला, बनवणारे टिम आणि ख्रिस स्टॅम्पर हे भाऊ, ज्यांची पुढे रेअर ही कंपनी झाली. किल्ल्यात 128 खोल्या, प्रत्येक खोली कोपऱ्यावरून तिरकी बघितल्यासारखी, म्हणजे आयसोमेट्रिक. त्यातला हिरो सेबरमॅन रात्र झाली की लांडगा होतो, आणि 40 दिवसांच्या आत कढईला ती मागेल त्या क्रमाने 14 वस्तू आणून द्यायच्या. खोलीतल्या गोष्टी एकमेकांच्या मागे लपायच्या, पुढे यायच्या, हे सगळं त्या एवढ्याशा मशीनवर! स्पेक्ट्रमला 8 बाय 8 पिक्सेलच्या एका चौकोनात दोनच रंग दाखवता यायचे, त्यामुळे जास्त रंग वापरले की एकाचा रंग दुसऱ्याला लागायचा, म्हणून आख्खी खोली एकाच रंगात रंगवायची. आणि खोलीत हलणाऱ्या वस्तू जास्त झाल्या की गेम हळू चालायचा.

मी अर्थात 1984 मध्ये हे खेळलेलो नाही. माझी ओळख झाली ती हेड ओव्हर हील्सच्या रिमेकमधून. मूळ गेम 1987 चा, अशाच तिरक्या खोल्यांचा, जॉन रिटमन आणि बर्नी ड्रमंड यांचा, आणि 2003 मध्ये रेट्रोस्पेक नावाच्या हौशी लोकांच्या ग्रुपने तो नव्या ग्राफिक्समध्ये बनवून फुकट वाटला. माझ्या आतेभावाने तो सीडीवर घालून आणला, पावसाळ्याचे दिवस, फोंड्यातल्या तिस्कावर कॉम्प्युटर क्लासला जायचं सोडून आम्ही दोघं त्यांच्या हॉलमध्ये बसायचो, आणि बरोबर कठीण खोलीत लाईट जायची.

त्यात दोन प्राणी आहेत, हेड उंच उडी मारतो, हील्स जोरात पळतो आणि पिशवी मिळाली की वस्तू उचलून नेतो, सुरुवातीला दोघं वेगवेगळ्या कोठडीत आणि भेटले की हेड हील्सच्या डोक्यावर बसतो. तिथे मासे मिळतात, मासा खाल्ला की सगळे जीव संपल्यावर तिथून परत सुरू करता येतं, पण एखादा मासा शिळा असतो आणि तो खाल्ला तर मरतो. आमची आते मागून बघत होती, तिला गेमचं काही कळत नव्हतं, पण तडफडणारा मासा घ्यायचा आणि निपचित पडलेला सोडायचा हे तिने आमच्या आधी ओळखलं. मापशाच्या बाजारात जन्म गेलेल्या बाईला हे कोण शिकवणार.

तर मुद्दा रिमेकचा. मला मनापासून वाटतं की या गेम्सचा जीव त्या भाच्याच्या प्रश्नातच आहे, पुढचं काय आणि मागचं काय. ठोकळा हवेत आहे की जमिनीवर लांब आहे, खांबामागे काही लपलंय का, हे कोडंच खरा गेम आहे, उडी मारणं नंतर येतं. म्हणून कोणी नवीन आवृत्ती काढताना पूर्ण गोल फिरणारा कॅमेरा दिला तर तो खेळाडूला मदत करत नाही, तो कोडंच काढून घेतो. कॅमेरा फिरवला की दोन सेकंदांत सगळं उघडं पडतं आणि उरतं ते नुसतं या ठोकळ्यावरून त्या ठोकळ्यावर.

पण याचा अर्थ जुनं जसंच्या तसं ठेवा असं मी अजिबात म्हणत नाही. तो संथपणा गेला तर बरंच झालं, आणि एका रंगाच्या खोलीत वस्तू वेगळी ओळखायला डोळे ताणावे लागायचे तेही गेलं पाहिजे. सावली तर हवीच. उडी मारली की पायाखाली गोल सावली दिसली तर आपण नेमके कुठे उतरणार हे कळतं, आणि तरीही खांबामागचं लपलेलं लपलेलंच राहतं.

2016 चा लुमो हा गेम मला म्हणूनच आवडतो. गॅरेथ नोबल याने जवळजवळ एकट्याने केलेला, त्याच जुन्या गेम्सच्या प्रेमातून, पण स्वतःच्या नव्या खोल्या घेऊन, आणि खोल्या 400 च्या वर. मोठी टोकदार टोपी घातलेला बारका जादूगार, खोलीत खरा प्रकाश, धूळ, सावल्या. आणि तो सुरुवातीलाच विचारतो की कंट्रोल कुठले हवेत, कारण तिरक्या खोलीत वरचं बटण म्हणजे उजवीकडे वर की डावीकडे वर, हा वाद जुना आहे आणि प्रत्येकाचा अंगठा वेगळं उत्तर देतो. दोन प्रकारे खेळता येतो, एकात जीव संपत नाहीत आणि दुसरा जुन्या पद्धतीचा कडक. मी नव्या माणसाला पहिलाच घे म्हणेन, कारण मोजक्या जीवांत खोली ओळखायला वेळच मिळत नाही, आणि खोली न ओळखता मरत राहिलं की लोक सोडून देतात. 2015 च्या रेअर रिप्ले या रेअरच्या जुन्या गेम्सच्या संग्रहामध्ये नाइट लोर आहे त्यात तर मागे जायची सोय दिलीय, उडी चुकली की काही सेकंद उलटं फिरवायचं. काहींना ते चीटिंग वाटतं, मला नाही वाटत, कारण चुकून काय चुकलं ते लगेच बघता येतं.

चवथ झाल्यावर भाच्याला हेड ओव्हर हील्सचा तोच रिमेक लावून दिला. पहिले काही दिवस नुसता चिडला. मी त्याला काही सांगितलं नाही, फक्त आमच्या अंगणात घराच्या कामाला आणलेल्या चिऱ्यांचा ढीग होता तो गच्चीवरून तिरका दाखवला आणि विचारलं, सगळ्यात वरचा चिरा कुठल्यावर ठेवलाय? तो चुकला. खाली जाऊन ढिगाजवळ उभा राहिला, मग परत वर येऊन बघितलं. दोनतीन दिवसांनी बघतो तर गेममध्ये हील्सला घेऊन लटकणाऱ्या ठोकळ्याच्या जवळ नेऊन उभा करत होता, कोण कोणाला झाकतं ते बघायचा, मग एक पाऊल पुढे, परत बघायचा. हीच ती युक्ती, आम्हाला हे कळायला आख्खा पावसाळा लागला होता.

यंदा माटोळी बांधून झाल्यावर मी मोबाईल काढला तर म्हणाला, "मामा थांब." बाजूच्या स्टुलावर चढला, हात लांब करून नारळाच्या मागे आणि निरफणसाच्या पुढे धरला आणि म्हणाला, आता काढ.