डब्यांवरची दुसरी ओळ

सोलापूरच्या मंगळवार पेठेत आमचं काष्ठौषधींचं, म्हणजे झाडपाल्याच्या वाळलेल्या औषधांचं दुकान आहे. आप्पांनी सुरू केलं, आता मी बघते. भिंतीला लागून लाकडी फडताळ आणि त्यात पत्र्याचे डबे. प्रत्येक डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर दोन ओळी आहेत. वर मराठी नाव, खाली शास्त्रीय लॅटिन नाव, तेही देवनागरीत. आप्पा सातवी शिकलेले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सर आमच्याकडून त्रिफळा न्यायचे. त्यांच्यासमोर बसून, एकेक नाव दोनदा वदवून घेऊन आप्पांनी ती खालची ओळ लिहिली.

त्याला कारण गोखरूचं झालं. मी नववीत होते. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून गोखरूचं पोतं आलं. आप्पांनी एका वैद्यांना त्यातलं दोन किलो दिलं आणि संध्याकाळी ते पुडकं तसंच परत आलं. वैद्यांना हवा होता छोटा गोखरू, म्हणजे आपले सराटे. पोत्यात होता मोठा गोखरू. बाजारात दोघांनाही गोखरूच म्हणतात, पण झाडं दोन, कुळंही वेगळी. व्यापाऱ्याने पोतं परत घेतलं नाही. पैसे गेल्यापेक्षा वैद्यांसमोर मान खाली घालावी लागली, हे आप्पांना जास्त लागलं.

तेव्हापासून आमच्या डब्यांवर लिहिलेलं आहे. छोटा: ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. मोठा: पेडॅलियम म्यूरेक्स.

कितीतरी वर्षं मी ही ओळ नुसती पाठ म्हटली. तिचा अर्थ शोधायला लागले ती आप्पा गेल्यावर. ट्रिब्युलस हा शब्द ग्रीकातून लॅटिनमध्ये आला. शत्रूचे घोडे येणार त्या वाटेवर लोखंडी काटे टाकून ठेवायचे, कसेही पडले तरी एक टोक वर राहील असे. त्या काट्याचं हे नाव. टेरेस्ट्रिस म्हणजे जमिनीवरचा. सोलापुरात ज्याने सायकल चालवली आहे त्याला हा अर्थ समजावून सांगायला नको. हिप्परग्याच्या रस्त्याला माझ्या चाकातून असे किती सराटे उपटले असतील! आणि आपल्या गोखरू शब्दात गाईचा खूर आहे. एकच काटा, रोमनांना त्यात लढाई दिसली आणि आपल्या माणसांना गाय.

म्यूरेक्स तर समुद्रातली काटेरी शंखाची गोगलगाय. तिच्यापासून निघणारा जांभळा रंग रोममध्ये राजेरजवाड्यांच्या कपड्यांना लागायचा. मोठा गोखरू तळहातावर घेऊन बघा. चौकोनी, निमुळता, बुडाच्या चार कोपऱ्यांना चार काटे. शंखच. छोट्याचं फळ वाळलं की त्याच्या पाच फाका होतात आणि प्रत्येक फाकेला काट्यांच्या जोड्या असतात. ही दोन नावं आधी समजली असती तर आप्पांनी पोत्यात हात घालताच माल ओळखला असता.

काळ्या जिऱ्याचा घोळ मात्र रोजचा आहे. "काळं जिरं द्या" म्हणणाऱ्याला कधी कलौंजी हवी असते, कधी शहाजिरं, तर कधी कडूजिरं. लोणच्यात कलौंजीऐवजी कडूजिरं पडलं तर अख्खी बरणी वाया जाते, म्हणून मी आधी विचारते, "खायला की औषधाला?" डब्यांवर उत्तर लिहिलेलंच आहे. कलौंजी म्हणजे नायजेला सटायव्हा. लॅटिनमध्ये नायजर म्हणजे काळा आणि नायजेला म्हणजे त्यातली छोटीशी, आपल्याकडे लाडाने 'काळुली' म्हणावं तशी. कडूजिऱ्याच्या नावात आहे अँथेल्मिंटिका, जंतांवरचं. पोराच्या पोटात जंत झाले म्हणून आजीबाई जे मागायला येतात, तेच नावात लिहून ठेवलेलं.

आणि सटायव्हा म्हणजे पेरलेली, लागवडीची. कोथिंबीर, लसूण, भात, वाटाणा, सगळ्यांच्या नावात हा शब्द आहे. रानात आपोआप उगवलेलं नव्हे, कुणीतरी हाताने पेरलेलं.

करडईच्या पाकळ्यांचा डबा सगळ्यांत वरच्या फळीवर. आमच्या जिल्ह्यात करडई म्हणजे तेल, नाहीतर ज्वारीच्या रानाला कडेने लावलेले काटेरी पट्टे, जनावरं आत शिरू नयेत म्हणून. नाव मात्र आहे कार्थॅमस टिंक्टोरियस. पहिला शब्द अरबी कुर्तुमवरून, दुसऱ्याचा अर्थ रंगाऱ्यांची. या पाकळ्यांतला पिवळा रंग पाण्याने धुऊन काढायचा, मग खाराच्या पाण्यात लाल सुटतो आणि आंबट घातलं की तो कापडावर बसतो. माझं लहानपण सुताच्या रंगखान्यांशेजारी गेलं. गटारीचं पाणी आज निळं, उद्या किरमिजी वाहायचं. ते रंग रासायनिक होते, पण ज्या गावाने जन्मभर सूत रंगवलं त्याच्या शिवारात रंगाऱ्यांच्या नावाचं झाड उभं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता सुंठ. माझा सगळ्यांत आवडता डबा.

झिंजिबर ऑफिसिनाले. हे नाव रॉस्को या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०७ साली ठरवलं. त्याआधी १७५३च्या ग्रंथात लिनियसने, म्हणजे झाडांना अशी दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या शास्त्रज्ञाने, आलं अमोमम या वेलदोड्याच्या गोतात घातलं होतं. ऑफिसिना म्हणजे काम करायची जागा. पुढे मठांमध्ये जिथे औषधं साठवत आणि कुटत त्या खोलीलाही तोच शब्द लागला. ऑफिसिनाले म्हणजे त्या खोलीत मिळणारं, औषधाच्या दुकानातलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. खलबत्ता, तराजू, पुड्यांचा कागद, सुंठीचा वास, सगळं त्या एका शब्दात होतं. आवळ्याच्या जुन्या नावातही तोच शब्द आहे, एम्ब्लिका ऑफिसिनालिस. आणि एम्ब्लिका तरी कोण? आपलाच आमलक, फारशी-अरबीच्या वाटेने फिरून गेलेला.

झिंजिबरचंही तसंच. संस्कृतात शृंगवेर, पालीत सिंगिवेर, ग्रीकात झिंगिबेरिस, तिथून लॅटिन. शृंगवेर म्हणजे शिंगाच्या आकाराचं, असं मी आमच्या मामांना सांगत होते. मामा म्हणजे चाळीस वर्षं आमच्याकडे पुड्या बांधणारे, अक्कलकोटकडचे, घरात कन्नड. ते म्हणाले, "ताई, शिंगाचं राहू द्या. बेरू म्हणजे मूळ की आमच्यात." शेजारच्या तेलुगू काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या वेरू म्हणजे मूळ. नंतर वाचलं, काही अभ्यासकही हेच मानतात, की हा शब्द मुळात द्राविड, इंजी आणि वेर, आणि संस्कृताने त्याला शिंग जोडून घेतलं. युरोपातल्या ग्रंथातला शब्द आमच्या गल्लीतल्या दोन घरांत अजून रोज बोलला जातो.

हल्ली मी चिठ्ठ्या नव्याने लिहिते आहे. गोखरूखाली नेग्गिलु आणि पल्लेरु असं कन्नड-तेलुगूही घालते. मागच्या आठवड्यात तरवडाचा डबा काढला. वाळलेल्या फुलांचा काढा लोक मधुमेहासाठी नेतात. आप्पांच्या अक्षरात कॅशिया ऑरिक्युलाटा लिहिलेलं. आता त्याला सेन्ना म्हणतात, तो शब्द मी खोडून बदलला. ऑरिक्युलाटा तसाच राहिला. म्हणजे कान असलेली. फुलाला कान कुठले? डब्यातली फुलं चाळून पाहिली, काही दिसेना.

रविवारी तुळजापूर रोडला माळावर गेले. तरवड पिवळाधमक फुललेला. तेलुगू बायका बतुकम्मात, त्यांच्या फुलांच्या सणात, हीच फुलं रचतात, त्यांचा तंगेडू. एक डहाळी खाली वाकवली. पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना हिरवी, गोल, पातळ पाळी. इतकी वर्षं तरवड विकला आणि ही कधी पाहिली नव्हती.

डहाळी दुकानात आणून गल्ल्यावर ठेवली. मामांना काही सांगितलं नाही. त्यांनी चष्मा वर केला, डहाळी उलटीसुलटी केली, आणि देठाशी बोट ठेवलं.

"किवी," म्हणाले. कन्नडमध्ये कान.