‘राइश’ने दमवलं, त्याची गोष्ट

जर्मनच्या बी-टू वर्गात एकेका शब्दावर दहा मिनिटं बोलायचं होतं. मी ‘राइश’ घेतला. नाम म्हणून आला तर साम्राज्य, विशेषण म्हणून आला तर श्रीमंत. फ्रान्सला जर्मनमध्ये ‘फ्रांकराइश’ म्हणतात. त्याचा अर्थ मी बरेच दिवस ‘श्रीमंत फ्रँक’ असाच लावत होते!

पहिल्याच संध्याकाळी तोंडावर आपटले. इंग्रजी ‘रिच’, फ्रेंच ‘रिश’, स्पॅनिश ‘रिको’... आणि आपल्या धर्मशास्त्रात वारशाच्या धनाला ‘रिक्थ’. जुळलं की! दोन पानं खरडलीसुद्धा. मग कोश उघडला. रिक्थ आलं ‘रिच्’ धातूपासून, म्हणजे मागे सोडणं, रितं करणं. थोडक्यात, ‘रिकामा’चं सख्खं भावंड. पानं केराच्या टोपलीत.

खरा पूर्वज निघाला आपला राजा. संस्कृत ‘राज्’, लॅटिन ‘रेक्स’, केल्टिक (गॉल, आयर्लंडकडच्या जुन्या भाषांचं कूळ) ‘रीक्स’. सीझरशी लढलेल्या गॉलच्या वेर्सिंजेतोरिक्सच्या नावाचं शेपूट हेच. गॉथिक या जर्मनच्या जुन्या नातलग भाषेतही ‘रीक्स’ म्हणजे अधिपती. सत्ता असेल त्याच्याकडे पैसा, म्हणून ‘बलवान’चा अर्थ सरकत ‘धनवान’ झाला.

मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते एका स्वराने. मुळातला दीर्घ ‘ए’ लॅटिनने जपला, केल्टिकने त्याचा ‘ई’ केला. जर्मानिक भाषांनी (जर्मन, इंग्रजी, गॉथिक यांच्या कुळाने) तसं करायचं कारण नव्हतं, तरी त्यांच्याकडे ‘ई’च. म्हणजे माल केल्टांकडून उसना! शिवाय केल्टिक ‘रीग-’ मधल्या ‘ग’चा जर्मानिकमध्ये ‘क’ झालाय. हा भाषातज्ज्ञ याकोब ग्रिमने १८२२ साली मांडलेला नियम. तेव्हा उसनवारी ‘ग’चा ‘क’ होण्याच्या त्या प्राचीन बदलाच्याही आधीची. हे उमगलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, आणि चहा गार.

पुढे जर्मानिक टोळ्यांबरोबर शब्द पुन्हा लॅटिनच्या अंगणात शिरला आणि तिथला श्रीमंतीचा जुना शब्द ‘दिवेस’ मागे पडला. त्यामुळे स्पॅनिशमध्ये ‘रेय’ (राजा) घरचा आणि ‘रिको’ बाहेरून फिरून आलेला चुलतभाऊ. फिनिश भाषेचं तर कूळच वेगळं, पण तिथेही श्रीमंताला ‘रिकास’!

वर्गात फळ्यावर ‘ए’ आणि ‘ई’ लिहून बाण काढले. निम्मे चेहरे कोरे. शेवटी बाईंनी विचारलं, “तुमच्या भाषेत काय?” मी म्हटलं, आमची गाडी उलट्या दिशेने गेली. श्री असलेला तो श्रीमंत, आणि मग तीच राज्यकर्त्यांची पदवी झाली. श्रीमंत पेशवे! पेशवे कोण, हे जर्मनमध्ये सांगता सांगता दहाची वीस मिनिटं झाली.