कलम ३६

आज दिवसभर संस्था आणि ट्रस्टचा कायदा वाचत होते. कंपनी कायदा २०१३ चं कलम ८, म्हणजे समाजोपयोगी कामासाठी काढलेल्या कंपन्यांचं, पटकन झालं: नफा चालतो, पण सभासदांना लाभांश वाटायचा नाही, सगळं उद्दिष्टासाठी. थांबले ते महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातल्या कलम ३६ वर. ट्रस्टची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना विकता येत नाही. गावोगावच्या वाचनालयांना, तालमींना मोक्याच्या जागा दान देणारी माणसं आता हयात नाहीत. त्यांच्या वतीने बोलणारं हे कलम मला फार मोलाचं वाटतं. (परवानगी देतानाही ट्रस्टचं हित बघायचंच असतं.) उद्या कलम २२, चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कळवायचं. ते राहिलं की खरे विश्वस्त कोण यावरूनच वाद सुरू होतात. तुमच्या गावातल्या संस्थेचा चेंज रिपोर्ट वेळेवर जातो का, जरूर विचारा.