रात्रीच पडणारी लिंक सापडली, आणि बाँडचा बेत बदलला

मागच्या नोंदीत अर्धवट राहिलेला प्रश्न सुटला. स्टोरेज नोडची (डेटा साठवणाऱ्या सर्व्हरची) लिंक नेटवर्क अगदी शांत असताना पडायची आणि दोन-तीन सेकंदांत पुन्हा यायची. त्याच्या मुळाशी ईईई (एनर्जी एफिशियंट इथरनेट) होतं, म्हणजे ८०२.३एझेड, ट्रॅफिक नसताना लिंकला झोपवून वीज वाचवणारं मानक. २०१० साली मंजूर झालेलं, आता जवळपास प्रत्येक गिगाबिट पोर्टमध्ये असलेलं.

इतके दिवस ते सापडलं नाही याचं कारण आपली तपासायची पद्धत. लिंकवर शंका आली की आपण आयपर्फ हे वेग मोजायचं साधन लावतो आणि भार टाकतो. भार असेपर्यंत लिंक झोपतच नाही, त्यामुळे आयपर्फ रात्रभर चाललं तरी एकही पॅकेट गळत नसे. केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, रिंग बफर (नेटवर्क कार्डातली पॅकेटांची रांग) वाढवून पाहिला. काही फरक नाही. शेवटी कर्नल लॉगमधल्या वेळा ट्रॅफिकच्या आलेखावर ठेवल्या, तेव्हा प्रत्येक पडझड आलेखाच्या तळाशी आली. मग मात्र शंका उरली नाही.

गिगाबिट तांब्यावर लिंकला झोपायला १८२ मायक्रोसेकंद लागतात आणि उठायला १६.५. झोपेत दोन्ही टोकांचे फाय (तारेवर सिग्नल पाठवणाऱ्या चिप) मधूनमधून रिफ्रेश सिग्नल पाठवतात, म्हणजे रिसीव्हर जुळलेला राहतो. माझ्याकडच्या एनआयसी (नेटवर्क कार्ड) आणि स्विचच्या जोडीचं तिथेच बिनसत असावं, कारण जुळणी सुटली की लिंक थेट नव्या ऑटोनेगोशिएशनला जाते, म्हणजे दोन्ही टोकं वेग वगैरे पुन्हा पहिल्यापासून ठरवतात. पडताळणी सोपी निघाली. १०००बेस-टीमध्ये (तांब्यावरच्या गिगाबिटमध्ये) दोन्ही दिशांनी तयारी दाखवल्याशिवाय झोप लागत नाही. म्हणून इथटूल या लिनक्सच्या कमांडने फक्त नोडच्या टोकाला ईईई बंद केलं, स्विचला हातही लावला नाही. तेव्हापासून लॉग कोरा आहे. तो कोरा लॉग मी रोज सकाळी उघडून बघतो, इतका आनंद आहे त्याचा.

तीन सेकंदांचं एवढं काय, असं वाटेल. स्विचचं पोर्ट एज (पुढे दुसरा स्विच नसलेलं) म्हणून लावलेलं आहे म्हणून तीन सेकंदांवर निभावलं. नाहीतर लिंक आल्यावर आरएसटीपी हा नेटवर्कमधली वर्तुळं टाळणारा प्रोटोकॉल १५ अधिक १५ सेकंद पोर्ट अडवून ठेवतो. पण हा नोड ज्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांच्या गटात आहे, त्याचा टोकन (सगळे जागे आहेत ना हे बघणारा फिरता निरोप) तीन सेकंदही थांबत नाही. कोरम (बहुमत) जातो, फेन्सिंग (तुटलेल्या नोडला सक्तीने बाजूला काढणं) होतं, नोड रीबूट होतो, सगळ्या डिस्क एकदम फिरायला लागतात. गिगाबिट पोर्टमागे ईईईची बचत एका वॅटच्या आतली. ती मिळवताना अख्खा नोड उठवला जात असेल तर हिशेब उलटा पडतो. त्यामुळे यापुढे क्लस्टरचं बोलणं ज्या लिंकवर चालतं तिथे ईईई बंद. बाकी पोर्टांवर चालू राहील.

इथे एक तक्रार नोंदवतोच. माझ्या जुन्या स्विचमध्ये ईईईचं बटण अख्ख्या पेटीला एकच आहे. पोर्टनिहाय सोय नसलेला मॅनेज्ड स्विच मी पुन्हा घेणार नाही. प्लगमध्ये लावायच्या मीटरवरही फार विसंबू नका. हलक्या भाराला पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी खऱ्या वापराचं प्रमाण) घसरतो आणि स्वस्त मीटरचे आकडे तिथे डळमळतात. क्षणाचा वॅट बघण्यापेक्षा रात्रभराचे वॅट-तास मोजलेले बरे.

१० गिगच्या दुव्यावर मात्र फरक मीटर न बघताही कळतो. रॅकमधल्या दोन पेट्यांमध्ये आरजे-४५ची एसएफपी+ मॉड्यूल (नेहमीची तांब्याची केबल लावायचे १० गिगचे जोड) होती. दोन वॅटच्या पुढे खाणारी, बोट टेकवता येणार नाही इतकी तापणारी. त्यांच्या जागी पॅसिव्ह डॅक (दोन्ही टोकांना जोड बसवलेली तांब्याची छोटी केबल) घातली आणि दोन्ही टोकं गार पडली. पुरवठादाराने दोन टोकांना दोन वेगळ्या स्विचांचं कोडिंग (स्विचला जोड आपला वाटावा म्हणून त्यात भरायची ओळख) न कुरकुरता करून दिलं. असा माणूस मिळाला तर सोडू नये.

आता बाँडबद्दल, म्हणजे नोडच्या दोन लिंक एकत्र बांधून केलेल्या जोडीबद्दल. ठरलं होतं की रात्री दोनपैकी एक लिंक स्क्रिप्टने बंद करायची. तो बेत मी हे लिहिता लिहिताच सोडतो आहे. बंद लिंक परत यायला ऑटोनेगोशिएशनचे दोन-तीन सेकंद जातात, आणि बॅकअप रात्रीच चालतो, म्हणजे राखीव वाट नेमकी नको तेव्हा बंद. त्याऐवजी या नोडवर एलएसीपी (दोन्ही लिंक एकदम वापरणारी पद्धत) काढून अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप (एक चालू, एक राखीव) लावतो. एलएसीपीचा हॅश (कुठलं पॅकेट कुठल्या लिंकवर जाईल हे ठरवणारं गणित) ट्रॅफिक दोन्ही लिंकवर पसरवतो आणि दोन्हींची झोप मोडतो. सगळं एकीवर गेलं, तर दुसरी वर राहूनही झोपेल आणि लागेल तेव्हा १६.५ मायक्रोसेकंदांत उठेल. एमआयआयमॉन (लिंक चालू आहे का हे किती वेळाने तपासायचं ते) १०० मिलिसेकंदांवर ठेवला की फेलओव्हर, म्हणजे राखीव लिंकवर जाणंही झटपट. झोपेची मुभा फक्त राखीव लिंकला. तिचं दुसरं टोक वेगळ्या स्विचमध्ये आहे, आणि त्या जोडीने आजवर कधी त्रास दिलेला नाही.

अडचण एकच दिसते: ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीचे निरोप) आणि मल्टिकास्ट (एका गटासाठीचे) राखीव पोर्टवरही पोचणार. १५१८ बाइटची फ्रेम पाठवायला गिगाबिटवर १२ मायक्रोसेकंद लागतात, पण एकट्या फ्रेमसाठी उठणं आणि पुन्हा झोपणं धरलं तर २०० च्या पुढे जातात. सुटी सुटी येणारी बडबड बचत खाऊन टाकते. आयजीएमपी स्नूपिंगने (मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या पोर्टांना देणाऱ्या स्विचच्या सोयीने) मल्टिकास्ट बराच आवरेल, पण एमडीएनएसचा (स्थानिक नेटवर्कवर उपकरणं शोधणाऱ्या प्रोटोकॉलचा) २२४.०.०.२५१ हा पत्ता स्नूपिंग सहसा सगळीकडे जाऊ देतं, म्हणून ती बडबड वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये) हलवेन.

शिवाय मुख्य लिंकवर ईईई कायमचं बंद ठेवण्याआधी टीएक्स-टायमर (झोपण्याआधी थांबायचा वेळ) वाढवून बघायचा आहे. लिंक झोपण्याआधी जास्त वेळ थांबली की झोप-जाग कमी वेळा होईल आणि कदाचित पडझडही थांबेल. क्लस्टर दुसऱ्या लिंकवर हलवूनच हा प्रयोग करेन. सगळे ड्रायव्हर हा टायमर मानत नाहीत. तुमच्याकडे तो खरोखर बदलत असेल, तर ड्रायव्हरचं नाव आणि इथटूलच्या --शो-ईईईचं दोन्ही टोकांचं आउटपुट पाठवा. एनआयसी निवडण्याआधी ते हवं आहे.