पाक्सोस, सप्टेंबर, शिडाची बोट: आमचं प्लॅनिंग कुठवर आलंय

ग्रीसमध्ये शिडाची बोट भाड्याने घेऊन फिरणार म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, सँटोरिनी का मिकोनोस? दोन्ही नाही. ती बेटं एजियन समुद्रात, आणि तिथे जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, सहा-सात बोफोर्टचा (बोफोर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी), कधीकधी दिवसेंदिवस थांबतच नाही, मग भाड्याची बोट बंदरात बांधून नुसतं बसून राहायचं. आमच्यात सासूबाई आहेत, आठ वर्षांचा भाचा आहे, त्यांना घेऊन मला हे नको होतं. म्हणून पश्चिमेचा आयोनियन समुद्र, आणि त्यातलं पाक्सोस, कॉर्फूच्या खाली असलेलं, लांबीला जेमतेम १० किलोमीटरचं बेट. इथला उन्हाळ्यातला वारा माइस्ट्रो, वायव्येकडून येतो, साधारण दुपारी सुरू होतो, संध्याकाळी पडतो. सकाळी समुद्र शांत, दुपारी शीड भरेल एवढा वारा, रात्री झोप. घरच्यांना घेऊन जायचं तर अजून काय पाहिजे!

महिना सप्टेंबर, पण पहिला पंधरवडाच. पाणी अजून कोमट असतं, ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते. त्यापुढे मात्र मी जाणार नाही, कारण शरद ऋतूकडे झुकलं की तिकडे गडगडाटी वादळं येऊ शकतात, आणि सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस नावाचं वादळ ह्याच समुद्रात केफालोनिया, इथाका, झाकिंथोस ह्या बेटांना जबरदस्त झोडपून गेलं होतं. जून पण चांगला, पण शाळेच्या तारखा जमेनात.

बोट कॉर्फूच्या गुविया मरीनातून, म्हणजे बोटींच्या बंदरातून, घेणार. चार्टर, म्हणजे भाड्याचा करार, शनिवार ते शनिवार असतं, पण शनिवारी बोट हातात येईपर्यंत संध्याकाळ होते आणि परत आणायची शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे सात दिवसांचे पैसे भरले तरी समुद्रावरचे पूर्ण दिवस त्याहून कमीच, हे आधी डोक्यात पक्कं करा. बहुतेक लोक एवढ्यात लेफकाडा, इथाका ही लांबची बेटं पण कोंबतात आणि रोज पाच-सहा तास नुसती बोट चालवत राहतात. मला ते अजिबात पटत नाही. आम्ही रविवारी पेट्रिटीला, कॉर्फूच्या आग्नेय किनाऱ्यावर मच्छीमारांचं गाव आहे, तिथे नांगर टाकणार, सोमवारी सकाळी पाक्सोस, आणि गुरुवारपर्यंत तिथून हलायचं नाही.

छोट्या बेटाभोवती तीन रात्री काय करणार असं नवऱ्याने पण विचारलं होतं, तेव्हा नकाशा पुढ्यात घेऊन बसले. पूर्वेच्या बाजूला तीन गावं: उत्तरेला लाक्का, मधे लोग्गोस, खाली गाइओस. लाक्का म्हणजे घोड्याच्या नालेसारखी खाडी, तळाला पांढरी वाळू, उथळ, नांगर छान धरतो, पण तोंड उत्तरेला उघडं, वारा उत्तरेकडून यायला लागला की रात्रभर बोट हलणार, त्यामुळे अंदाज बघूनच तिथे मुक्काम. लोग्गोस अगदी एवढंसं, जुन्या साबणाच्या कारखान्याची चिमणी अजून उभी आहे. गाइओस मुख्य गाव, समोर आगिओस निकोलाओस नावाचं बेटुकलं, त्यावर व्हेनिशियनांचा, म्हणजे व्हेनिसच्या लोकांचा, किल्ला, आणि गाव नि बेटुकलं ह्यांच्या मधल्या अरुंद पाण्यात धक्का. आत यायचं ते उत्तरेच्या तोंडाने, दक्षिणेकडची वाट उथळ आहे. बेटभर जी ऑलिव्हची झाडं दिसतात ती पण व्हेनिशियनांच्याच काळापासूनची.

पश्चिमेचा किनारा पूर्ण वेगळा. पांढरे चुनखडीचे उभे कडे, खाली गुहा, त्रिपितोस नावाची दगडाची कमान, आणि आसरा मात्र कुठेच नाही. तिथे सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत जाऊन यायचं. आणि अँटिपाक्सोस! दक्षिणेचं पिल्लू बेट, द्राक्षमळे आणि वुतुमी, व्रिका हे दोन किनारे. दिवसा कॉर्फूहून आणि मुख्य भूमीवरच्या पार्गाहून पर्यटकांच्या मोठ्या बोटी भरभरून येतात, पण आपली बोट असल्यामुळे सकाळी नऊला पोचता येतं किंवा चारनंतर, सगळे गेल्यावर. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठी बोटीचे पैसे वसूल आहेत.

नांगर वाळूवरच टाकायचा हं. पाण्यातून गडद डाग दिसतात ते पोसिडोनिया नावाचं सागरी गवत, त्यात नांगर नीट रुतत नाही आणि साखळीने गवत उपटलं जातं ते परत वाढायला वर्षानुवर्षं लागतात. माशांची पिल्लं त्यातच वाढतात. कृपा करून दोन मिनिटं जास्त फिरा पण फिकट ठिकाण शोधा.

आता स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कप्तान. आपण स्वतः बोट चालवायची तर ग्रीसमध्ये मान्य असलेलं सर्टिफिकेट लागतं आणि शिवाय बोटीवर अनुभव असलेली दुसरी एक व्यक्ती लागते. नवऱ्याकडे सर्टिफिकेट आहे, तरी आम्ही स्किपर घेतोय, दिवसाला साधारण २०० युरो, वर त्याचं जेवण आपल्याकडे आणि त्याला झोपायला वेगळी केबिन. हे बुकिंगच्या आधी मोजा, म्हणजे तीन खोल्यांची माणसं असतील तर बोट चार केबिनची. डिपॉझिट वेगळं, दोन-चार हजार युरो कार्डावर अडकतात, त्याचा इन्शुरन्स घ्यायचा का ते आधीच विचारून ठेवा.

स्किपर घेण्याचं खरं कारण गाइओसचा धक्का. तिथे बोट आडवी लावत नाहीत, मागची बाजू धक्क्याला लावतात. म्हणजे समोर बऱ्याच अंतरावर नांगर सोडायचा, साखळी सोडत सोडत उलट्या दिशेने दोन बोटींच्या मधल्या फटीत शिरायचं, दोन्ही बाजूंना फेंडर (बोट घासू नये म्हणून हवेचे फुगे) लटकवलेले, मागे दोघं दोर घेऊन तयार, वाऱ्याच्या बाजूचा दोर आधी द्यायचा, मग साखळी ताणून बोट जागेवर धरायची आणि फळी टाकून उतरायचं. ह्यात आपली साखळी शेजाऱ्याच्या साखळीवर पडली तर सकाळी तो निघताना आपला नांगर पण उचलला जातो. दुपारचा वारा बाजूने येत असताना नव्या माणसाने हे करावं असं मला वाटत नाही. आणि दोनच्या आत पोचायचं, नंतर जागा मिळत नाही. ह्याच कारणाने कॅटमरान (दोन सांगाड्यांची रुंद बोट) नको म्हटलं, आत ऐसपैस असतो पण धक्क्यावर दोन बोटींची जागा खातो. गाइओसला जागा नाहीच मिळाली तर दक्षिण टोकाला मोंगोनिसीची खाडी आहे, वायव्येच्या वाऱ्यापासून चांगली झाकलेली.

बाकी बारीकसारीक: टणक सुटकेस नको, बोटीत ठेवायला जागाच नसते, मऊ बॅगा. टॉयलेटमध्ये कागद टाकायचा नाही, पाइप तुंबतात. टाकीतलं पाणी आंघोळीला नळ सोडून वापरलं तर बघता बघता संपतं, त्यामुळे समुद्रात पोहून आल्यावर मागच्या शॉवरखाली पटकन अंग विसळायचं. सासूबाईंना फळीवरून चालता येईल का ही मला काळजी होती, तर एजन्सीकडून कठड्याची फळी मागून घेतली, मिळते. मुलांची लाइफ जॅकेटं वजन कळवून आधी सांगावी लागतात. तटरक्षक दलाचा इमर्जन्सी नंबर १०८, बोटीवरच्या रेडिओवर चॅनल १६, दोन्ही मी लिहून केबिनच्या दाराला चिकटवणार आहे.

शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली की सगळ्यांचे पासपोर्टचे तपशील क्रू लिस्टसाठी, म्हणजे बोटीवरच्या माणसांच्या यादीसाठी, पाठवायचे. आणि शुक्रवारी परतताना गुवियात डिझेल भरायला रांग लागते, सगळ्याच बोटी त्याच दिवशी येतात, म्हणून गुरुवारची रात्र मुख्य भूमीवरच्या सिवोताला काढून दुसऱ्या दिवशी सकाळीच निघायचं असं ठरवलंय.